तांडेलमामाचं पाणी

आमचा तांडेलमामा पावसाळ्यात कंप्युटरवरसुद्धा मासेमारी करायचा नाही. जूनमध्ये बंदी लागली, आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या होड्या झावळ्यांनी शाकारल्या गेल्या, की तो गेममधली होडीही धक्क्याला लावायचा आणि कंट्रोलर मामीच्या हाती द्यायचा. मामी तो कपाटात, हळदीकुंकवाच्या चांदीच्या वाट्यांशेजारी ठेवायची. मग नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, मामा गंमत करतोय.

"मामा, हा समुद्र खोटा आहे," मी म्हटलं.

"समुद्र खोटा असंल. तांडेल खोटा नाय," तो म्हणाला. "पोटात अंडी धरलेली मासळी मारायची नाय. मग ती काचेतली का असंना."

तो माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याला नाव होतं, पण ते मी फक्त दवाखान्याच्या कागदांवर वाचलं. बोट चालवतो तो तांडेल, आणि मामाने इतकी वर्षं बोट चालवली की बंदरात, बाजारात, देवळात सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. आम्ही भाचरं तांडेलमामा म्हणायचो. मामीही दुसऱ्यांशी बोलताना "आमचे तांडेल" म्हणायची. त्याचा आवाज इंजिनाच्या वर जाईल इतका मोठा होता आणि घरात आल्यावर तो आवाज लहान करायचा असतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे.

मी त्याच्या नेमकी उलट. बाबा मुंबईला नोकरीला, घरी आई आणि मी. लहानपणी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत माझं मराठी ऐकून मुली हसायच्या, वाड्यात माझं इंग्रजी ऐकून. तेव्हा मी दोन्हीकडे कमीत कमी बोलायचं ठरवून टाकलं. मामा मला 'मॅडम' म्हणायचा. "काय गो मॅडम, तोंडात भात धरलंस काय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी काही उत्तर द्यायची नाही आणि त्यालाही ते नको असायचं. तो बोलायचा, मी ऐकायची. आमच्यात हे छान जमलं होतं.

एका हिवाळ्यात, हंगाम भरात असताना, बर्फ चढवता चढवता तो धक्क्यावर कोसळला. उजवी बाजू गेली. जीभ काही दिवसांनी परत आली, पाय काठीच्या आधाराने आला, उजवा हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला. मामाने तो खिडकीतून खाली टाकला. कोणीतरी आणून दिला की पुन्हा टाकायचा. "ज्या हातात सुकाणू असायचं त्यात चेंडू देतंय," तो म्हणायचा. "उद्या खुळखुळा देशील."

त्या बाईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, बोटं हलली पाहिजेत, कशाने हलतात याला महत्त्व नाही. माझ्याकडे एक जुना गेमचा कंट्रोलर पडून होता, आणि होडीतून मासेमारी करायचा एक गेम. मी तो मामाच्या घरी लावला. त्याचा उजवा अंगठा मी छोट्या दांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हे सुकाणू." त्याने पडद्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. होडी थोडी वळली. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मामीने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं, घरात एवढी शांतता का म्हणून.

त्या घरातला कंप्युटर जुनाट होता. त्यावरचं विंडोज आता चालू व्हायलाच भात शिजेपर्यंतचा वेळ घ्यायचं आणि नवं त्याला झेपत नव्हतं. म्हणून मी त्यावर विंडोजच्या जागी चालणारी हलकी, फुकट प्रणाली, लिनक्स, घातली होती. गेम मात्र विंडोजसाठी बनलेला. लिनक्सवर तो चालवायचा तर मधे एक दुभाषा लागतो. गेम जे विंडोजला सांगू पाहतो ते हा दुभाषा लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगतो. मामाला हे समजावायला मला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला.

"म्हणजे आपला थापा," तो म्हणाला. त्याच्या बोटीवर नेपाळी खलाशी होते आणि थापा त्यांच्यातला मराठी येणारा. "मी सांगायचं जाळी ओढा, थापा सांगणार त्यांना त्यांच्या भाषेत, नि ते ओढणार. कधी कधी थापाच चुकीचं सांगतो. मग नांगर टाका म्हटलं की हे चहा टाकतात."

सुरुवातीला गेम मधे मधे अडकायचा. नवं बेट दिसलं की थांबला, धुकं आलं की थांबला. मामा कंप्युटरला ज्या शिव्या द्यायचा त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी सांगितलं, पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचा रंग, उजेड, चकाकी काढायला एकेक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला शेडर म्हणतात. पाण्याचा वेगळा, धुक्याचा वेगळा. तो पहिल्यांदा लागतो तेव्हा कंप्युटरला तयार करावा लागतो, म्हणून अडकतं. एकदा केला की तो जपून ठेवतो, पुढच्या वेळी अडकत नाही. मामाने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"ह्याच्या पण सगळ्या वाटा पुसल्या गेल्यात," तो म्हणाला. "एकेक परत करतोय. म्हणून अडकतो." मग मोठ्याने, "अगो ए, चहा टाक. मॅडमनी आज दोन वाक्यं बोलली."

मामी चहा आणायची आणि दारात उभी राहून बघायची. "घरात मासळीचा वास नाय, नि दिवसभर मासेमारी," ती म्हणायची. पण तिला बरं वाटत होतं. मामाने चेंडू फेकणं थांबवलं होतं. गेममधल्या मासेवाल्याने भाव कमी दिला की तो त्याच्याशी भांडायचा, आणि पडद्यावरचा माणूस ऐकत नाही म्हटल्यावर खिडकीतून खाली जाणाऱ्या कोणाला तरी ते सांगायचा. लाटा आम्ही बंद ठेवलेल्या असायच्या. सपाट पाण्यावर होडी त्याच्या अंगठ्याने हळूहळू जायची.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मेअखेरीला मी लिनक्सला आलेले नवे बदल घातले, ते दर काही महिन्यांनी घालावे लागतात, आणि गेममधला समुद्र नाहीसा झाला.

होडी होती. धक्का होता, दिवा होता, वर ढग होते. होडीखाली मात्र काहीच नव्हतं, नुसती काळी पोकळी. होडी त्यात लोंबकळत होती. मासे दिसत होते, तेही हवेत, वाळत घातल्यासारखे.

मामीने दारातून पाहिलं. "बंदी लागली," ती म्हणाली.

मामाने गंभीरपणे मान हलवली. "बरोबर हाय. ह्या गेमवाल्यांना पण अक्कल आली. पाणीच काढून घेतलं, म्हणजे कोण चोरून जायला नको."

तो थट्टा करतोय की त्याला खरंच तसं वाटतंय, मला कळेना. दोन-तीन दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत होता. शेवटी मी म्हटलं, "मामा, हा बिघाड आहे. पाण्याचा शेडर तयार होत नाहीये."

"मग बंदीत दुरुस्तीच करायची असते," तो म्हणाला. "पौर्णिमेच्या आत पाणी आण. मला वेळ नाय."

"वेळ नाही म्हणजे?"

तेव्हा त्याने ते सांगितलं. आवाज लहान करून, जे त्याला कधी जमायचं नाही. यंदा नारळी पौर्णिमेला बोट तो स्वतः काढणार होता. आजारी पडल्यापासून बोट भिकूकाका चालवत होते, त्याच्या हाताखाली खलाशी म्हणून आलेले आणि त्यानेच शिकवलेले. "भिकू चांगला हाय. पण तो माझी बोट राखतोय, चालवत नाय," मामा म्हणाला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. डॉक्टरांनी त्याचा हात कुठे बघितला होता? गेमवर तो बंदराच्या तोंडातून होडी आत-बाहेर करत होता. आता जाळं न टाकता नुसत्या लाटा लावायच्या, मोठं पाणी घ्यायचं आणि पौर्णिमेपर्यंत हात तयार करायचा. "इथं चालला तर तिथं चालंल. तू फक्त पाणी आण."

त्या दिवसापासून तो कंप्युटर माझ्यासाठी गेमचा राहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी मामीने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकऱ्या करत होती, माझ्याकडे न बघता बोलली. "तुला काय सांगितलान ते मला म्हाईत हाय. भिंतीला कान लावावा लागत नाय आमच्याकडे." भाकरी उलटली. "बायो, तुझं ते पाणी नाय आलं तर कोणाचं काय बिघडणार नाय. आलं तर हे बोटीवर चढतील. चढताना पडतील, नायतर भर पाण्यात परत एकदा तसं होईल. तू शिकलेली हायस. नाय होत म्हणून सांग. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील."

मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ तिने काय घेतला, मला माहीत नाही. मलाही तेव्हा तो माहीत नव्हता.

खरं सांगायचं तर मला बिघाड अर्धवट सोडता येत नाही. माझी नोकरी घरून असते, सकाळची. रोज दुपारी मी छत्री घेऊन उताराने मिरकरवाड्यात जायची. आधी मी साठवलेले सगळे शेडर पुसून टाकले, जुने बिघडले असतील म्हणून. काळंच. मग दुभाष्याची जुनी आवृत्ती लावली. समुद्र आला, पण गुलाबी.

"सरबत झालंय," मामा म्हणाला. "काढ."

दुसरी आवृत्ती लावली तर पाणी आभाळात गेलं आणि होडी पुन्हा पोकळीत. मामा मान वर करून पडद्याचा वरचा भाग बघत बसला. "हे तांडेलाचं काम नाय. हे देवाचं काम हाय. काढ."

मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायची, मग ती परत जागेवर ठेवून दुसरी. मामाला हे सहन व्हायचं नाही. त्याची पद्धत म्हणजे सगळं एकदम बदलायचं आणि वरून एक थापड मारायची. "इंजिन असंच चालू होतं," तो म्हणायचा. "तू तांडेल असतीस तर मासळी म्हातारी होऊन मेली असती." पण मी सांगितलं की थांब, तर तो थांबायचा. दुसऱ्या कोणासाठी तो थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

गेम चालताना दुभाषा काय काय करतो याची नोंद काढता येते. मी ती काढली. त्यात पाण्याच्या जागी एक ओळ होती: शेडर तयार करता आला नाही. का, ते लिहिलेलं नव्हतं. मामाने विचारलं, "हे दुसऱ्या कोणाला झालं असंल ना?" मी म्हटलं, असेल. नेटवर लोक असतात, त्यांना विचारता येतं. "मग विचारलंस?" मला अनोळखी माणसांना विचारायचं धाडस होत नसे, लिहूनही नाही. मी प्रश्न लिहायची आणि पुसायची.

मामाने हे ओळखलं. तो हसला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. "हे बग मॅडम. बोट बंद पडली की वायरलेसवर हाक मारायची असते. तेव्हा लाजायचं नाय. आपलं नाव सांगायचं, जागा सांगायची, काय झालं ते सांगायचं. ऐकणारा कोण हाय, कुठला हाय, आपल्याला काय करायचंय? समुद्रात हाक ऐकली की येतातच." मग त्याने मला सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले: "सांग, रत्नागिरीहून बोलतोय. तांडेल हाय. बोट ठीक हाय. पाणी गेलंय."

मी ते इंग्रजीत जसंच्या तसं लिहिलं, फक्त तांडेलचं कॅप्टन केलं, खाली नोंदीतली ओळ जोडली आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर माझे कान तापले होते.

उत्तरं आली. कोणी विचारलं ग्राफिक्स कार्ड कोणतं, कोणी अमुक करून बघा म्हटलं. सगळे कॅप्टनला विचारत होते, मला नाही. मी वाचून दाखवायची, मामा उत्तर सांगायचा, मी तांत्रिक भाग नीट करून लिहायची. एकजण तर रोज विचारायचा, कॅप्टनचं पाणी आलं का. मामाने त्याला पावसाची बातमी कळवायला लावली. बाहेर खाडीपर्यंत सगळं राखाडी होतं, छपरांवर ताडपत्र्या फडफडत होत्या, आणि आम्ही दोघं दुपारभर त्या काळ्या पोकळीसमोर बसून जगाशी बोलत होतो. मामी चहा आणायची आणि पडद्याकडे बघून परत जायची. मला वाटतं, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. तेव्हा ते तसे वाटत नव्हते.

उत्तर शेवटी त्या रोज विचारणाऱ्यानेच दिलं. आमचं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं होतं की मेमधल्या बदलांनंतर दुभाषा ज्या नव्या पद्धतीने त्याच्याशी बोलत होता ती त्याला पुरती येतच नव्हती. धक्का, होडी, ढग यांच्यापुरतं त्याचं भागायचं. पाण्याचा शेडर कठीण, तिथे तो हार मानायचा. दुभाष्याला जुन्या पद्धतीने बोलायला सांगायचं होतं. त्यासाठी गेम सुरू करण्याच्या आदेशात एक ओळ घालायची. बस.

ती ओळ मी लगेच घातली नाही. मी मामीला जाऊन सांगितलं, की पाणी येणार आहे. ती भांडी घासत होती. हातातलं भांडं विसळून म्हणाली, "मग आण. तुझ्यावर तरी खोटं बोलायची पाळी नको." तिने हात पुसले आणि कपाटातून कंट्रोलर काढून दिला. पौर्णिमा अजून यायची होती, पण तिने तो दिला.

पाणी आलं. आधी गेम अडकला, पडदा गोठला, आणि मग होडीखालून समुद्र वर आला. हिरवट, आमच्याकडे पावसात असतो तसा.

"आलं गो," मामा म्हणाला. मग म्हणाला, "लाटा लाव."

"थोड्या लावते."

"पुऱ्या लाव. मला हलकं पाणी नको. बंदराच्या तोंडाशी पौर्णिमेला असतं तसं दे."

मी लावल्या. त्याने होडी बाहेर काढली. बाहेर जाणं जमलं. परत येताना बंदराच्या तोंडाशी खडक होते, तिथे लाट मागून यायची आणि होडी वळवून तशीच धरून ठेवावी लागायची. त्याचा अंगठा वळवत होता. धरून ठेवत नव्हता. होडी आडवी झाली आणि खडकावर गेली. गेममध्ये त्याचं काही होत नाही, होडी पुन्हा धक्क्याला येते. तो पुन्हा निघाला. पुन्हा तेच. त्याने डाव्या हाताने उजवा अंगठा दाबून धरला. होडी जास्तच फिरली. मी लाटा कमी करायला हात पुढे केला तर त्याने मानेनेच नको म्हटलं. मामी चहा घेऊन दारात उभी होती. ती आत आली नाही. तिला हवं होतं तेच समोर घडत होतं आणि तिला ते बघवत नव्हतं. चहावर साय धरली.

खूप वेळाने मामाने कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावर समुद्र हलत होता.

"पाणी बरोबर हाय गो," तो म्हणाला. त्याचा आवाज साध्या माणसासारखा लहान होता. "पाण्यात दोष नाय."

मी त्याच्या मांडीवरचा कंट्रोलर उचलून बाजूला ठेवला.

"त्या तुझ्या माणसाला कळव," तो म्हणाला. "सांग, पाणी आलं. तो बिचारा वाट बगत असंल."

मी कळवलं. तिथली रीत अशी आहे की अडचण सुटली की आपल्या प्रश्नाला 'सुटला' अशी खूण करायची. मी ती केली. सगळ्यांनी कॅप्टनचं अभिनंदन केलं. मी मामाला ते वाचून दाखवलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी भिकूकाका नवा सदरा घालून आले. बोटीचा नारळ घरातून निघतो, तांडेल तो हातात घेऊन वाजतगाजत बंदरावर जातो आणि समुद्राला देतो. भिकूकाका दारातच घुटमळले. "तांडेल, आपण खुर्चीतून नेऊ तुम्हाला," ते म्हणाले. "पोरं उचलतील. नारळ तुम्हीच द्या."

"नारळ बोट नेणारा देतो," मामा म्हणाला. "तुला एवढंही शिकवलं नाय काय मी?"

मामीने देवासमोरचा नारळ आणला. मामा डावा हात पुढे करणार, तेवढ्यात थांबला. असली वस्तू डाव्या हाताने देत नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याशेजारी खाली बसले, त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही तळव्यांवर घेतला, आणि मामीने त्यात नारळ ठेवला. बोटं नारळाभोवती वळली नाहीत. आम्ही दोघांनी मिळून तो हात वर केला. भिकूकाकांनी वाकून नारळ घेतला आणि त्याच वाकण्यात मामाच्या पायांवर डोकं ठेवलं. ते रडत होते. मामा रडला नाही.

"माझ्या तोंडाकडे काय बगतंस? वाऱ्याकडे बग," तो म्हणाला. हे पुन्हा त्याच्या नेहमीच्या, शेजारी दचकतील अशा आवाजात.

ते बाहेर पडले तेव्हा 'जा' तो म्हणाला नाही. आमच्याकडे समुद्रावर जाणाऱ्याला तसं कोणी म्हणत नाही. "या," म्हणाला. ढोल-ताशांचं वाजप खाली बंदरापर्यंत ऐकू येत होतं. मामाने मला खिडकी लावायला सांगितली.

नंतर बरेच दिवस त्याने गेम लावला नाही. मला वाटलं, संपलं. एका दुपारी त्याने विचारलं, "मॅडम, ते पाणी परत काढून टाकता येल काय?"

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, "काय?"

"होतं ना आधी, नुसतं काळं. तसं."

ती एक ओळ मी काढून टाकली. सगळा पावसाळा खर्चून जे जमवलं होतं ते घालवायला काही लागलं नाही. होडी पुन्हा पोकळीत लोंबकळायला लागली. मामाने खुर्ची जवळ ओढून घेतली. कंट्रोलर मागितला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बघत बसला.

"असं बरं वाटतं," तो म्हणाला. "बोट हाय. नि पाणी अजून यायचंय."

त्यानंतर रोज दुपारी तो तसाच बसायचा. मी गेले की शेजारी बसायची. बंदीच्या दिवसांसारखंच, फक्त आता आम्ही काही दुरुस्त करत नव्हतो. त्याने मला कधी विचारलं नाही की काही जमलं का. मीही कधी म्हटलं नाही की जमलेलं आहे. मामी चहा आणायची. थंडी पडल्यावर एका सकाळी मामाला दुसरा झटका आला, आणि त्यातून त्याचं काहीच परत आलं नाही, जीभही नाही. भिकूकाकांनी त्या दिवशी बोट बाहेर काढली नाही. बंदरातली कुठलीच बोट बाहेर गेली नाही.

मामी अधूनमधून विचारते, त्या कंप्युटरचं काय करायचं. मी म्हणते, राहू दे. मी गेले की तो चालू होतो का तेवढं बघते. त्यावर अजून पाणी नाही.

नेटवरचा तो प्रश्न मात्र तिथेच आहे. जुनी मशीन असलेली माणसं कुठून कुठून येतात, आमचीही होडी हवेत आहे म्हणतात. मी त्यांना उत्तर देते. आता लाजत नाही. आधी नोंद काढा म्हणते, कार्ड कोणतं ते विचारते, मग ती ओळ देते. पाणी आलं की ते आभार मानतात, काही जण आपल्या समुद्राचं चित्र पाठवतात. बरेचसे वरचं सगळं वाचून आलेले असतात, म्हणून जाता जाता विचारतात, कॅप्टन कसे आहेत.

त्या एका प्रश्नाला मी अजून कोणाला उत्तर दिलेलं नाही.